डाव्या पंखातला तुकडा

उस्ताद, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज हँगरमध्ये तुमची फार आठवण आली. लढाऊ विमानाचा पंख बंद करायच्या आधी आमच्या गटातली एक पोरगी सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, माझा ड्रिल बिट तुटला. टोक आत पडलं." तासाभरात टोक सापडलं. हात पुसता पुसता तिनं विचारलं, "सर, तुमच्या हातून कधी झालं काय असं?" तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

माझं पहिलं वर्ष होतं. डाव्या पंखाच्या पत्र्याला ठिगळ लावताना माझा बिट मोडला आणि भीतीपोटी मी हत्यारांच्या फळ्यावर त्याच्या जागी कोरा बिट अडकवला. संध्याकाळी मोजणी करताना तुम्ही फळ्यासमोर थांबता. बाकीचे काळवंडलेले, हा एकटा चकाकतोय. "काहून गा, हा नवा काहून दिसून राहिला?" मी खिशातला मोडका बिट पुढं करतो, टोक पंखात पडल्याचं कबूल करतो. तुम्ही चारचौघांत मला बोलत नाही. "चाल, पंख उघडू. वर जो बसन त्याच्या जिवाचा सवाल हाय." घरी जायची खाप्याची बस सोडून तुम्ही माझ्यासोबत पंखाखाली आडवे होता.

तुकडा निघाला. तुम्ही तो मोडक्या बिटाला जुळवून पाहिलात. तांदळाच्या कणीएवढा कोपरा कमी होता. "हा कुठी गेला?" "तो आधीच उडालेला होता, उस्ताद," मी म्हणालो. तुम्ही वहीत सही केलीत. दुसऱ्या दिवशी तुमचा दांडीचा आरसा, सांदीकोपऱ्यात बघायचा, माझ्या हातात ठेवलात. "पोट्टं लपवते, पण विचारलं का खरं बोलते," असं सगळ्यांना सांगत सुटलात. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोपरा आधी उडालेला नव्हता. खरं सांगितलं असतं तर पंख उतरवावा लागला असता आणि माझी नोकरी गेली असती. पुढं कितीतरी वर्षं ते विमान उडालं की ते उतरेपर्यंत मला चहा गोड लागत नसे. कधीच काही झालं नाही, हे माझं नशीब. आता ते निवृत्त होऊन चौथऱ्यावर उभं आहे. नंदनवनला घरी जाताना रोज दिसतं, पोरंटोरं खाली फोटो काढत असतात, आणि माझी मान आपोआप डाव्या पंखाकडे वळते.

त्या पोरीला मी "नाही" म्हणालो, उस्ताद. झटकन, तेव्हासारखंच. तुमचा आरसा तिच्याच हातात होता. तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे, तुम्ही आता काही विचारणार नाही. ती उद्या सकाळी आठला समोर असेल.