‘साइन्ड चार’ची ओळ कोणी पुसू नये

मी, इर्मेली पालोसारी, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार ओउलू, फिनलंड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे.

नदीकाठचं घर, सौना म्हणजे वाफेची न्हाणी, आणि बँकेतली शिल्लक सिनिक्का वेस्तेरिनेन हिला मिळावी. ती माझी कोण, हे भाच्यांनी विचारू नये. त्यांना ठाऊक आहे. त्यांनी होडी घ्यावी, भांडण न करता वल्हवता आली तर.

सिनिक्काची ओळख नुकसानीतून झाली. तिच्या काचघराची ऊब माझा प्रोग्राम सांभाळायचा. तो वेगळ्या जातीच्या नव्या प्रोसेसरवर नेण्याचं काम माझा भागीदार कौको लेहतोला याने केलं. काही जुने फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सूचना, तिथे चालेनात. त्याने फ्लॅगची अख्खी ओळच उडवली. पहिल्या थंडीत बाहेर उणे पाच असताना यंत्राने दोनशे एक्कावन्न वाचलं आणि बॉयलर बंद केला. रोपं गेली. कौको सगळ्यांदेखत म्हणाला, "प्रोग्राम म्हातारा झालाय, आणि लिहिणारीसुद्धा."

सिनिक्का भांडायला आली नाही. ओले बूट काढून माझ्या स्वयंपाकघरात बसली. म्हणाली, "माझी रोपं कशानं मेली, तेवढं समजावून सांग."

समजावता समजावता मलाच सापडलं. तापमान ज्या छोट्या आकड्यात साठायचं त्याला जुना प्रोसेसर उणे होऊ द्यायचा, नवा देत नव्हता; म्हणून उणे पाचाचे दोनशे छप्पन वजा पाच झाले. कुठल्याही प्रोसेसरवर असं होऊ नये म्हणूनच मी त्या ओळीत ‘साइन्ड चार’, म्हणजे ‘हा आकडा उणेही असू शकतो’, हा फ्लॅग घातला होता. तो परत घातल्यावर आकडे सुधारले. सिनिक्का मात्र येतच राहिली, मग राहिलीच.

प्रोग्राम ज्याला हवा त्याने फुकट घ्यावा, हव्या त्या प्रोसेसरवर चालवावा. ती ओळ कशासाठी आहे हे कळल्याशिवाय पुसू नये.

कौकोला काही नाही. साक्षीदाराला वाटा असून चालत नाही, म्हणून साक्षीला त्यालाच बोलावलं. वरचा मजकूर त्याने आत्ता माझ्यासमोर वाचला. त्याचं ते बोलणं खोडू का, असं मी विचारलं. त्याने चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"राहू दे," तो म्हणाला. "ओळ मी काढली म्हणून रोपं मेली, हे मला तेव्हाच कळलं होतं. सिनिक्कासमोर तोंड उघडलं नाही."

सिनिक्का दारातच उभी होती. "आता उघडलंस ना," ती म्हणाली. "सही कर, आणि जेवूनच जा."

या मृत्युपत्रावर मी वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

इर्मेली पालोसारी

साक्षीदार: कौको लेहतोला, अन्तेरो मुस्ताकाल्लिओ (शेजारी)

ओउलू, १४ ऑक्टोबर २०२२