ती जायची नाही

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्याशी भांडायचं आहे. रविवारी सकाळी मी इंदिरानगरला स्पॅनिश शिकायला जाते. हो, या वयात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आता काय दिवे लावायचेत? आज बाईंनी एक क्रियापद चालवायला दिलं, शाळेत आम्ही संस्कृतचं चालवायचो तसं. ‘मे आब्रिआ इदो’, म्हणजे मी निघून गेले असते. मग तू, मग ती, मग आम्ही. बाकीची पोरं खडाखडा म्हणत होती. मी पहिल्याच रूपाला अडले. येत नव्हतं म्हणून नव्हे, राग आला म्हणून. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पुण्याहून येऊन कोरमंगलाच्या पीजीत राहणाऱ्या. म्हणाल्या, "काकू, इतकं मनावर नका घेऊ, प्रॅक्टिसने जमेल."

बोम्मसंद्राच्या आमच्या कारखान्यात स्पेनहून मशीन आलं होतं, आठवतं? ते बसवायला आलेल्या लोकांनी तिकडच्या सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव सुचवलं. आमचे साहेब मराठी, म्हणून रीतीने मुलीच्या वडिलांना विचारायला घरी आले. नोकरी माझी, काम माझं आणि विचारायचं तुम्हाला. मी कॉफीचा ट्रे घेऊन दाराशी येते, तोवर तुमचा निकाल देऊन झालेला असतो. "ती जायची नाही. तिला तिकडचं मानवणार नाही." साहेब म्हणतात, "स्वल्प विचार करा. तिला तरी विचारा." तुम्ही हसता. "तिला काय विचारायचं?" आणि मग कॉफीत साखर कमी आहे म्हणून मला टोकता. मी साखर आणायला आत वळते.

मानवणार नाही म्हणे. मला भात मानवतो की पोळी, हेसुद्धा तुम्ही कधी विचारलं नव्हतंत. डॉक्टरांनी मला कुठे दुखतंय विचारलं, तरी सांगायचात तुम्हीच. पुढच्याच आठवड्यात म्हैसूर सिल्कची साडी आणलीत, शहाणी मुलगी म्हणून. ती नेसून मी तुमच्या पाया पडले, याचा मला आजही संताप येतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस स्पेनला गेला आणि परत येऊन माझा वरिष्ठ झाला.

आज वर्ग सुटल्यावर बाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग काकू, तुम्ही गेला असतात?" मी ताडकन हो म्हणाले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. त्या दिवशी ट्रे धरून उभी असताना मला धडकी भरली होती, आणि तुमचा नकार ऐकून घटकाभर सुटल्यासारखं वाटलं होतं. कदाचित मीच ‘नाही’ म्हणाले असते. पण अण्णा, ते ‘नाही’ माझं होतं. तेही तुम्हीच म्हणून टाकलंत.