पहिलं कांडं

प्रिय युलाली,

परवा तुझ्या अंगणातून घरी आले आणि हातमोजे भिजत घातले, ते अजून बादलीतच आहेत. आपली घरं हाकेच्या अंतरावर, तरी लिहायला बसले आहे. समोर आले तर तू कॉफी ओतशील, आणि तुझ्या हातची कॉफी पिऊन मला हे सांगता येणार नाही.

एमिल खोलीबाहेर आला का गं? काही खाल्लं का त्यानं? कॉलेज सोडून दूर कुठेतरी जायचं म्हणतो, हे तू सांगितलंस तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फुटबॉलच्या एका किकेपायी एकोणीस वर्षांच्या पोरानं गाव सोडायचं!

मला सारखी शाळेतली सिस्टर क्लोटील्ड आठवते आहे. मधली सुट्टी संपली की ती आपल्याला मैदानात रांगेनं उभं करायची. ‘मुलींनो, तुम्ही उठून गेल्यावर जागा कशी दिसते, त्यावरून देव तुम्हाला ओळखतो.’ तू चॉकलेटचा कागद मोज्यात लपवायचीस आणि मी दुसऱ्यांचेही उचलायची. ती खोड अजून गेली नाही. सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर ओकच्या झाडांखाली गाड्या लागल्या, गम्बोच्या रश्श्याची पातेली चढली, की मी काळी पिशवी घेऊन निघतेच. ‘पळा रे, कचरा-सिस्टर आली!’ असं आमच्या मागच्या रांगेतला डूसे ओरडतो आणि बिअरचा डबा पाठीमागे लपवतो. माझ्या नवऱ्याला, आल्सिडला, तर हसता हसता ठसका लागायचा.

उसाच्या बाबतीत मात्र मी डोळेझाक करायची. गळीत सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या सामन्यात आपल्या पोरांनी खातं उघडलं की मैदानात कांडं भिरकवायचं, हे आपल्या वडिलांच्या वेळेपासूनचं. आमच्या बाजूला पहिलं कांडं आल्सिडचं. सगळं आयुष्य साखर कारखान्यात काढलेला माणूस तो. त्याचा हात वर जाईपर्यंत मागच्या रांगा थांबून राहायच्या.

यंदा कॉलेजनं ते बंद केलं, ते योग्यच केलं. गेल्या वर्षी पाहुण्यांच्या बँडमधल्या एका मुलीची भुवई फुटली होती, आणि मैदान झाडणाऱ्या पोरांना अख्खा रविवार पुरत नव्हता. ‘मैदानात काही पडलं तर दंड आपल्याच संघाला’, असं शनिवारी भोंग्यावरून पुन्हा पुन्हा सांगत होते. मीच मागे वळून डूसेला दटावलं, ‘ऐकलंस ना? खिसे रिकामे कर.’ तो म्हणाला, ‘तुमच्यापुढे आमची काय बिशाद, मिस ओडील!’

पुढचं तू पाहिलंसच. शेवटच्या मिनिटापर्यंत आपली पाटी कोरी, पाहुणे सात गुणांनी पुढे. मग आपल्या एका पोरानं चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडली आणि सहा गुण मिळाले. एमिलची एक किक खांबांमधून गेली की सातवा गुण आणि बरोबरी, आणि तीही झोपेत मारेल इतकी सोपी. तेवढ्यात आमच्या बाजूनं ऊस कोसळला. पंचानं दंडाचा पिवळा रुमाल टाकला आणि किक पंधरा यार्ड मागे नेली. मागे सरकताना एमिलनं एकदा आमच्या रांगांकडे पाहिलं. रागानं नाही गं, नुसतं पाहिलं. चेंडू खांबाला लागून परत आला.

गाड्यांपाशी परतल्यावर उसाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. ‘पाय आहे की भोपळ्याचा वेल?’ ‘माझ्या आजीनं काठीनं मारला असता!’ डूसे म्हणाला, ‘त्याला किराणा दुकानात पिशव्या भरायला बसवा, तिथे तरी नेम लागेल.’ सगळे खदाखदा हसले. मी पातेलं घासत राहिले, मान वर केली नाही.

आणि रविवारी तुझं अंगण. रात्रीतून लोकांनी फेकलेले बिअरचे डबे, गम्बोचे उष्टे वाडगे, एमिलच्या नंबरची फाडलेली जर्सी. तू दाताळं घेऊन एकटीच उभी. मी पिशवी धरली, तू भरत गेलीस. ‘तू आहेस म्हणून बरं,’ असं म्हणत माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. मग डब्यांखालून उसाचं एक कांडं निघालं, ते हातात धरून तू म्हणालीस, ‘ज्यानं पहिलं फेकलं त्याला देवानं खुशाल क्षमा करावी. मला जमायचं नाही.’

युलाली, ते पहिलं कांडं माझं होतं. आल्सिडशिवायचा हा पहिला हंगाम. जपमाळेशेजारी पर्समध्ये मी ते नुसतं सोबत म्हणून ठेवलं होतं. फाटकावरच्या पोरानं पाहिलं आणि म्हातारीचा खाऊ समजून सोडून दिलं. रेघ ओलांडली तेव्हा सगळे उठले, शेजारची खुर्ची मात्र रिकामीच राहिली, आणि माझा हात वर गेला. मागून डूसेचा आवाज आला, ‘मिस ओडीलनंच फेकलं! चला रे!’ काल त्याचा फोन आला होता. ‘तुम्ही गप्प बसा, आमच्यातलं कुणी तोंड उघडणार नाही.’ म्हणजे तुझं पोर बोलणी खाणार आणि मला मात्र सगळे मिळून झाकणार. आज संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये संघाच्या पाठीराख्यांचं जेवण आहे. तिथे उभी राहून मी सगळं सांगणार आहे. तुम्हा दोघांना त्याआधी कळावं म्हणून हे पत्र. एमिलला दाराबाहेरून का होईना, वाचून दाखव. क्षमा मागत नाही, तुझं उत्तर मी ऐकलं आहे. उद्या सकाळी कदाचित माझ्या अंगणात कचरा पडलेला दिसेल. दाताळं घेऊन धावत येऊ नकोस. तो माझा आहे, मीच उचलीन.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
ओडील