तुझ्या संघाच्या हंगामाविषयी निवेदन

कै. मंदाकिनी दीनानाथ खांबेटे हिस,

एवढा मायना लिहून बराच वेळ थांबलो. 'सौ.' लिहावे तर ते वस्तुस्थितीस धरून होत नाही, आणि नवऱ्याने बायकोच्या नावामागे 'कै.' लावून पत्र धाडल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. पूर्वी मी तुला पत्राच्या आरंभी अनेक आशीर्वाद लिहीत असे. परंतु आता तू माझ्या आधी वरच्या पायरीवर पोचली आहेस, तेव्हा रीतीप्रमाणे मीच नमस्कार करणे योग्य. इकडे सर्व ठीक आहे. सकाळचा चहा मी स्वतः करतो व तो पिण्याजोगा होतो. तुझ्या प्रकृतीची चौकशी करणे शिष्टाचाराला धरून असले, तरी शेवटच्या आजारात ती इतक्या जणांनी केली की तू वैतागून म्हणाली होतीस, "आता कोणी विचारलं तर सांगा, उत्तम आहे, तुमचं बोला." त्यास अनुसरून तू उत्तम आहेस असे गृहीत धरतो आणि आमचे बोलतो.

तुझे दिवस पार पडल्यावर दुसऱ्याच सकाळी नारायण पेठेतल्या आपल्या घरी कॉलेजच्या दोन मुली आल्या. एक तुझ्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान शकू दांगट, कर्वेनगरातल्या मूळच्या शेतकरी घरची, दुसरी कसबा पेठेतल्या बुकबाइंडर रज्जाकभाईंची हुस्नबानू, जी स्मॅश मारणारीसाठी चेंडू उंच उचलून देते (तुम्ही तिला लिफ्टर म्हणता, मी आधी हे आडनाव समजलो होतो). दोघी खुर्च्यांच्या कडेवर बसल्या. मी सांत्वन ऐकण्याच्या तयारीने चष्मा काढून ठेवला. शकू म्हणाली, "काका, प्राचार्य आपली टीम बंद करत्यात." मी चष्मा पुन्हा घातला. बाई गेल्या, मुलींना सामन्यांना नेणार कोण, म्हणून स्पर्धेतून नावच काढायचे आणि मैदानावर स्कूटर-स्टँड करायचा, असे ठरत असल्याचे कळले. "तुम्ही फक्त मॅनेजर म्हणून बसायचं सर," हुस्नबानू हळूच म्हणाली, "बाकी आम्ही बघू." ("फक्त" या शब्दावर तिने दिलेला जोर मला पुढे आठवत राहिला.)

मी प्राचार्यांना भेटलो. त्यांनी माझ्या कोटाकडे, मग छत्रीकडे पाहिले व म्हणाले, "खांबेटेसाहेब, तुम्ही पाटबंधाऱ्यातले. हे जमणार का?" मी म्हणालो की धरणही मी पोहता येत नसताना बांधले आहे. मग त्यांनी अट घातली: मुलींनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली तर संघ राहील, मैदान राहील आणि ताबडतोब नवीन बाई नेमण्यात येतील, न गाठली तर स्टँड. तोवर तुझ्या क्रीडासाहित्याच्या खोलीच्या किल्ल्या माझ्याकडे. म्हणजे हरलो तर खोली स्कूटरवाल्यांची आणि जिंकलो तर दुसऱ्या बाईंची. हा मुद्दा माझ्या तिथेच ध्यानात आला होता. तो मी उपस्थित केला नाही. किल्ल्या खिशात घातल्या व आभार मानले.

खोलीत मी काहीही हलवले नाही. सरावाच्या बऱ्याच आधी जाऊन तुझ्या खुर्चीत बसत असे. (मुलींना याचे कारण मी 'साहित्याची तपासणी' असे सांगितले. साहित्य म्हणजे एक नेट आणि चार चेंडू. त्यांपैकी एकाची तब्येत माझ्यासारखी. पण मुलींनी कधी उलट विचारले नाही.) मैदानावर माझा उपयोग मर्यादित होता. पाणी मारून रोलर फिरवणे मला येते, फक्कीच्या रेषा मी दोरी लावून काटकोनात आखल्या, आणि त्यावरून वासंती, जी संघात सर्वांत उंच व सर्वांत स्पष्टवक्ती आहे, ती म्हणाली, "काका, रेषा एवढ्या सुंदर झाल्यात की त्यांच्यावर पाय द्यायला जीव होत नाही. बाईंच्या वेळी कशा, थोड्या वाकड्या असायच्या, भीती नसायची."

पहिल्या सामन्यात जे घडले त्याची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी कोणती मुलगी कोणत्या जागी उभी राहणार याची चिठ्ठी व्यवस्थापकाने पंचांकडे द्यायची असते, आणि एकदा दिली की ती गेम त्याच क्रमाने खेळावी लागते. सर्व्हिस आपल्याकडे आली की प्रत्येकीची एका जागेने बदली होते, देवळातल्या प्रदक्षिणेसारखी. (या बदलीत वशिला चालत नाही, म्हणून हा खेळ मला पहिल्यापासून आवडला.) क्रम कसा लावावा हे मला कोणी सांगितले नव्हते. क्रम म्हटला की जो एकच आम्हांला ठाऊक असतो तो मी लावला: जन्मतारखेप्रमाणे, ज्येष्ठतेनुसार. त्यातून अन्याय कोणावर होत नाही. मला ठाऊक नव्हते ते एवढेच की शकू आणि वासंती या दोन्ही जोरकस स्मॅशर तू नेहमी समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवायचीस, म्हणजे एक मागे गेली की दुसरी नेटपाशी येते. माझ्या यादीत त्या लागोपाठ आल्या. दोघी मिळून पुढे गेल्या, दोघी मिळून मागे आल्या, आणि त्या मागे असताना नेटपाशी उरल्या त्या तीन मुली नेटच्या खालून पलीकडचे पाहत होत्या. गेम पंधरा-दोनने गेली. शकू बाकापाशी आली. "काका, ही काय पेन्शनरांची यादी हाय का?" मी म्हणालो की यादी बिनचूक आहे, तारखा पडताळून घेतल्या आहेत. ती म्हणाली, "तारखा बिनचूकच हायत. आता पेन द्या." पेन मी दिले. पुढच्या दोन्ही गेम आपण जिंकलो. चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार त्या दिवसापासून कप्तानाकडे गेला. माझ्याकडे केवळ ती दुमडणे राहिले.

दुसरा सामना आपण सरळ जिंकलो. त्यात मी काही केले नाही व वासंतीने त्याबद्दल माझे विशेष आभार मानले.

एक गोष्ट मला तू कधी सांगितली नव्हतीस. हुस्नबानूला खेळायची परवानगी आहे ती बाई स्वतः दारापर्यंत आणून सोडतील या अटीवर. तेव्हा ते कामही माझ्याकडे आले. ती पुढे, मी छत्री घेऊन मागे, असे आम्ही रोज कसबा पेठेत जात असू. रज्जाकभाई दुकानातले पुठ्ठे बाजूला सारून मला स्टूल देत. "बसा साहेब. बाई कधी बसल्या नाहीत. उभ्यानं चहा घ्यायच्या, वर आम्हालाच दम, 'पोरीला दूध द्या, नुस्ता चहा पाजू नका.'" मी इतकी वर्षे समजत होतो की तुझा सराव उशिरा संपतो. मी रज्जाकभाईंना विचारले, दूध देता का? ते म्हणाले, "द्यावंच लागतं, बाई येऊन पातेलं बघायच्या."

आता उपांत्यपूर्व सामना. हा जिंकला की मैदान वाचत होते, आणि मुलींना ते पुरते ठाऊक होते. वासंती त्या दिवशी कोणालाही टोचून बोलली नाही. एकेक गेम झाली होती. तिसऱ्या गेममध्ये आपण चौदा-तेरा पुढे, सर्व्हिस आपली. (ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळतो, त्यामुळे दोन्ही बाजू अर्धा अर्धा तास धडपडतात आणि फलक जागचा हलत नाही. नोकरीत हे मी पाहिलेले आहे. फरक इतकाच की तिथे कोणाला घाम येत नसे.) समोरच्या मुलीने स्मॅश मारला, तो वासंतीच्या उंचावलेल्या हातांवरून जाऊन रेषेबाहेर पडला. पंचांनी शिट्टी वाजवून गुण आपल्याला दिला. सामना संपला. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, सामना पाहायला आलेल्या रज्जाकभाईंनी टोपी उडवली. मी उठलो, कोटाचे बटण लावले आणि म्हणालो, "पंचमहोदय, चेंडू आमच्या वासंतीच्या बोटांना लागून गेला आहे."

(हाताला लागून बाहेर गेलेल्या चेंडूचा गुण आपल्याला मिळत नाही, एवढा नियम मला तोवर पाठ झाला होता.) ते मी स्पष्ट पाहिले होते. पाहिले ते सांगितले. मैदानावर जी शांतता पसरली ती मी धरणाच्या चाचणीच्या दिवशीही अनुभवली नव्हती. प्रेक्षकांतून कोणीतरी विचारले, "आजोबा, नक्की कोणाकडून आलात?" पंच म्हणाले की बोलण्याचा अधिकार केवळ कप्तानाला आहे, आणि मला पिवळे कार्ड दाखवले. (उभ्या नोकरीत मला साधा मेमो मिळालेला नाही.) मग त्यांनी शकूला विचारले. शकूने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी तुला वर्णन करून सांगणार नाही, तुझ्याकडूनच ती उचललेली आहे. "लागला," ती म्हणाली. "काका म्हणत्यात ना लागला, मग लागला!" गुण गेला, सर्व्हिसही गेली, आणि काही क्षणांत चौदा-चौदा झाले. हुस्नबानू, जी कधी आवाज चढवत नाही, ती बाकापाशी येऊन म्हणाली, "सर, प्लीज. संपेपर्यंत डोळे मिटून बसा."

मी तसे केले. त्यामुळे पुढील भाग ऐकीव आहे. चेंडूवर हात पडल्याचे असे आवाज मी पूर्वी ऐकले नव्हते, आणि प्रत्येक फटक्याबरोबर शकू दात आवळून काहीतरी म्हणत होती. शब्द 'काका' असावा. त्या रागाला सर्व सहाजणी वाटेकरी होत्या. माझ्या ध्यानात एवढेच आले की समोरच्या संघाचा त्या रागाशी काही संबंध नसताना मार मात्र त्यांना पडतो आहे. सोळा-चौदा. नंतर शकू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, उघडा डोळे. स्टँड गेला." मग मान खाली घालून म्हणाली, "बाई असत्या तर त्यांनीपण सांगितलं असतं. पण हळू."

उपांत्य सामना आपण हरलो. समोरच्या मुली आपल्याहून चांगल्या खेळल्या, अधिक लिहिण्यासारखे नाही. प्राचार्य मला "गाठलीत की हो!" असे काहीशा तक्रारीच्या सुरात म्हणाले, परंतु शब्द पाळला. श्यामलाबाई नावाच्या नवीन शिक्षिका रुजू झाल्या आहेत. वय लहान, काम चोख. वासंतीच्या ज्या कोपरासाठी तू दोन वर्षे घसा कोरडा केलास, तो त्यांनी दोन दिवसांत सरळ केला. हे तुला वाईट वाटावे म्हणून लिहीत नाही. काल मैदानावर मुलींनी "बाई!" अशी हाक मारली आणि मी वळून तुझ्या खोलीच्या दाराकडे पाहिले. हाक पदाला असते, व्यक्तीला नव्हे, हे मला तत्त्वतः मान्य आहे. वळून पाहिले, हे केवळ नोंदीसाठी.

आज संध्याकाळी मी खोलीचा ताबा श्यामलाबाईंना रीतसर दिला. अशा प्रकारे तुझे काम मार्गी लागले आहे व माझ्यावरील जबाबदारी संपली आहे. प्रकृतीस जपावे, असे शेवटी लिहिण्याची सवय आहे. ती या वेळी आवरतो.

तुझा,
दीनानाथ खांबेटे

ता. क. — वर 'ताबा दिला' असे लिहिले आहे ते अद्याप घडलेले नाही. हे पत्र मी तुझ्या खोलीत, तुझ्या खुर्चीत बसून लिहीत आहे. श्यामलाबाई बाहेर उभ्या आहेत. घाई नाही म्हणाल्या, आणि मी मोकळा होईपर्यंत त्यांनी मुलींना मैदानाभोवती पळायला लावले आहे. मुली अजून पळत आहेत.

आणखी ता. क. — पत्राचे कारण राहिले. तासभर मी उठण्याचा प्रयत्न करीत आहे व ते जमत नाही. घरी मी कागदांत बुडालो की तू दारात येऊन "अहो, उठा आता" म्हणायचीस, आणि त्याविना आपणहून उठण्याचा मला सराव नाही. तरी येथून उठण्यास तुझी परवानगी असावी, ही विनंती.

शेवटचे — हे मैदानावरील बाकावरून लिहितो. खिडकीपाशी थांबून शकू ओरडली, "काका, उठा की आता! पाय गेले आमचे!" परवानगी मिळाली असे समजलो. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले. किल्ल्या परत केल्या.