उंदराला चप्पल नसते

३ तारीख, सोमवार

लागले एकदाची कामाला! वर्तन आणि मेंदूची प्रयोगशाळा, दुसरा मजला, खिडकीखाली वाहता रस्ता. सरांनी हसून स्वागत केलं. ताई सासरचं आडनाव लावायची, त्यामुळे मी तिची बहीण हे कुणाच्या डोक्यातही येणार नाही. पिंजरेवाल्या काकांनी एकेका उंदराची ओळख करून दिली, घरचे जावई असल्यासारखी.

मग सरांनी पहिला धडा दिला. पेटीत उंदीर, पायाखाली पोलादी सळ्या. घंटी वाजते, दोन सेकंदांनी पायाला झटका. असं पाच-सहा वेळा झालं की झटक्याची गरजच उरत नाही. नुसत्या घंटीने उंदीर जागच्या जागी थिजतो. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग आहे, तो ही जोडी पक्की धरून ठेवतो. उंदीर किती सेकंद थिजला हे टिपायचं, ते माझं काम.

सरांच्या खिडकीला लागून असलेल्या टेबलावर एक पितळी घंटी आहे, वरून दाबायची, माणसं आत बोलवायला. ती बघितली आणि हसू आवरून बाहेर आले.

५ तारीख, बुधवार

ताईने इथे तीन वर्षं काढली. घंटी वाजली की आत जायचं, सर टेबलावर पोलादी पट्टी आपटणार आणि तिची लायकी काढणार. रोज. मग एका दुपारी रस्ता ओलांडताना कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली आणि ताई मधोमध उभीच राहिली. समोरून ट्रक येत होता. आई अजून विचारते, ती पळाली का नाही गं? काय सांगू तिला?

मी इथे पोटासाठी आलेली नाही. या माणसाला त्याच घंटीने थिजवणार आहे, जिन्याच्या वरच्या पायरीवर. त्याची हाडं मोजायला मी खाली थांबेन.

सर टेबलाखाली बूट काढून पाय पोलादी दांडीवर टेकवतात. शेजारच्या खोलीतून पेटीची वायर तिथवर आरामात पोचते.

१० तारीख, सोमवार

आज चार वेळा. सरांनी घंटी दाबली की मी दोन मोजते आणि बटण दाबते. आतून 'आई गं!' ऐकू येतं. सर काकांना म्हणाले, वातामुळे पायात चमक भरते. भरू दे. मग मी आत जाते आणि ते माझ्या कानाशी पट्टी आपटतात. तुला अक्कल आहे का, वगैरे. आपटा, सर. दिवस भरत आलेत तुमचे.

१८ तारीख, मंगळवार

रोज सहा-सात जोड्या. घंटी, झटका, 'आई गं', मग पट्टी. सापडले तर काय, या भीतीने घंटी वाजली की छाती धडधडते. ते असो. सर हल्ली घंटीकडे हात नेताना कचरतात. नक्की कचरतात.

घरी आईच्या हातून चमचा पेल्यावर वाजला. तिने तीनदा हाक मारली म्हणे.

२१ तारीख, शुक्रवार

तशीच घंटी विकत घेतली होती. सर जिन्याच्या वरच्या पायरीवर, मी खाली. वाजवली.

सर सावकाश उतरत आले. एकेक पायरी. मी बघत होते. हलता येईना. माझ्या बोटांतून घंटी त्यांनीच सोडवून घेतली. घड्याळ बघितलं.

"अकरा सेकंद थिजलीस. तीन आठवड्यांत. तुझ्या ताईला तीन वर्षं लागली होती."

मग पाय पुढे केला. रबरी चप्पल. पहिल्या झटक्याच्या दुसऱ्याच दिवसापासून घालत होते. त्यांचं 'आई गं' माझ्यासाठी होतं. मी टेबलाखाली एकदाही वाकून बघितलं नाही. उंदराला चप्पल नसते ना.

२४ तारीख, सोमवार

सरांनी त्यांची वही उघडीच ठेवली होती, मी वाचावी म्हणून. 'पहिली बहीण.' खाली सेकंद. 'दुसरी बहीण.' खाली सेकंद.

शुक्रवारी मी घरी निघाले तेव्हा सरांनी खिडकीतून घंटी वाजवली. मी रस्त्यात होते. बस पिशवीला घासून गेली.

उद्याही वाजवतील. त्यांना बघायचंच आहे.

बघू दे.

२५ तारीख, दुपार

काकांना सुट्टी घ्यायला लावली. सर जेवायला गेले तेव्हा वायर बदलली. या वेळी पेटीची नाही, भिंतीतली. एक टोक घंटीला, दुसरं टेबलाच्या पोलादी कडेला, जिथे त्यांचा डावा हात असतो. पायात काय घालायचं ते घाला, सर. बोटांना चप्पल नसते.

पण मी रस्त्यात दिसले तरच ते दाबणार. म्हणून आले आहे. मधल्या दुभाजकावर. वही हातात —

सरांनी खिडकी उघडली. बसले. मला बघून हसले.

लांबून ट्रक येतोय. आई, ताई का पळाली नाही ते आता — पळता येत नाही गं, एवढंच —

मी दुभाजकावरून खाली उतरले. रस्त्यावर उभी आहे. इथून सगळं दिसतं. डावा हात कडेवर. उजवा वर —

दाबा ना, सर —

दाबा —

टिं