बहुतेक म्हणजे किती आणे?

आबा, तुमचे आणे आता अंबरनाथच्या कंपनीत चालतात. भाताचं पीक सोळा आण्यांपैकी किती, ही आणेवारी लावता लावता तुम्ही सगळ्या जगालाच आणेवारी लावली होतीत. चामटोलीच्या घरात मी 'बहुतेक' म्हटलं की संपलंच. मी दहावीत आहे, संभाव्यतेचा धडा घेऊन बसलेय, आणि तुम्ही विचारता, गोठ्याची कडी लावलीस का. "लावली बहुतेक." "बहुतेक म्हंजे किती आने?" "चौदा." "मंग दोन आने गुरं भातात. जा, बघून ये." मी पाय आपटत जाते. पुस्तकात शून्य ते एक, तुमच्याकडे शून्य ते सोळा. धडा तोच, पण तुमच्या धड्यात चिखल तुडवावा लागायचा. भारी राग यायचा मला.

आता मी सेफ्टी ऑफिसर आहे. मागच्या महिन्यात एका टाकीत माणूस उतरवून सफाई करायची होती. त्या टाकीला नायट्रोजनची लाईन आहे. तो गॅस आत भरला तर वासही येत नाही आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो. सकाळी मीटरने हवा तपासली होती, ठीक होती. उल्हासनगरचा सफाईवाला पट्टा बांधून तयार. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, व्हॉल्व्ह बंद आहे बहुतेक." माझ्या तोंडून निघूनच गेलं, "बहुतेक म्हणजे किती आणे?" सगळे हसले. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, ऑलरेडी लेट झालाय, चला ना." ऑपरेटर मात्र हसता हसता थांबला. "पंधरा," म्हणाला. "मग उरलेल्या एका आण्यावर आत कोण उतरतंय?" मी विचारलं. मी पुन्हा मीटर टाकीत सोडायला लावला, तर ऑक्सिजन कमी म्हणून मीटरचा अलार्म ओरडायलाच लागला. व्हॉल्व्ह बंदच होता, पण आतून गळत होता.

आबा, तुम्ही जिंकलात. आता टाकीत उतरायच्या परमिटवर सही करण्याआधी लोक आपणहून एकमेकांना विचारतात, यूपीची पोरं "कितना आना, भैया?" म्हणतात. काल मीटिंगमध्ये मॅनेजरांनी स्वतः आण्यांत उत्तर दिलं तेव्हा माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. टाकीच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी तो सफाईवाला नेहमीसारखा उशिरा आला, धडधाकट, डबा हलवत. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं, आणि मग बाथरूमची कडी लावून पोटभर रडले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिता आलं.