शोभाचा सुजलेला हात

आष्टी, शुक्रवार, जानेवारी १९९७

शोभाच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं, पण डाव्या हाताची सूज काही पाठ सोडेना. ब्लाऊजची बाही उसवून घातली तरी दंडाला काचते. म्हणून आज परत अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेलतो. तिथल्या मालिश शिकवणाऱ्या बाईंनी नवऱ्यानंच शिकायचं म्हणून मलाच समोर बसवलं. मी आपला कणीक तिंबावी तसा दाबायला लागलो. बाई हसल्या, "रगडायचं नाही. कातडी नुसती सरकली पाहिजे, खांद्याकडं."

"किती वेळा करायचं?" मी विचारलं.

"सूज उतरेपर्यंत रोज. मग आठवड्यातून दोनदा पुरेल."

येताना एसटीत शोभा खिडकीबाहेर बघत बसली. सारखी ती बाही ओढत होती. तिच्या मनात काय सलतंय, ते मला कळत होतं. ऑपरेशनची जागा तिनं मला एकदाही बघू दिली नाही. साडीसुद्धा अंधारात बदलते. आणि मी तरी कधी विचारलं? तिला काय वाटेल, म्हणून राहिलं ते राहिलंच.

संध्याकाळी तिनंच दाराला कडी लावली. भिंतीकडं तोंड करून पदर बाजूला केला. काखेपर्यंत आलेला व्रण दिसला. मी हात हलका ठेवला, बाईंनी दाखवला तसा खांद्याकडं सरकवत गेलो. हळूहळू तिचे खांदे सैल पडले.

"दुखतंय का?"

"न्हाई. लई बरं वाटतंय."

"सूज गेली की आठवड्यातून दोनदाच बास म्हणाल्या बाई."

ती वळली. पदर तसाच राहू दिला. म्हणाली, "त्या म्हणू द्या. आपण रोजच करू."